चार भोंगे आणि एक कान

माझ्या भावाच्या बँजोला टाइपरायटरची बटणं होती. बारामतीत एसटी स्टँडच्या मागं एक टायपिंगचा क्लास बंद पडला, त्याची मशिनं भंगारात निघाली आणि दादानं तिथून मूठभर बटणं उचलून आणली. बँजोची मूळ बटणं एका वरातीत उडाली होती. एका दारुड्यानं दादाच्या हातातला बँजो हिसकावून त्याच्याच डोक्यात हाणला होता. डोक्याला टाके पडले. ते टाके काढायच्या आधी दादानं नवी बटणं बसवून घेतली. त्यामुळं आमच्या बँजोवर क, प, ळ अशी अक्षरं दिसायची आणि लोकांना ती काहीतरी खास सोय वाटायची.

दादाच्या बँजो पार्टीतली एक वस्तू सरळ मार्गानं घरात आली असेल तर शपथ. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्या भागात बँजोशिवाय लग्न म्हणजे लोकांना लग्नच वाटायचं नाही. आणि बँजो म्हटलं की सांगवीची पार्टी, म्हणजे माझा दादा. पार इंदापूरच्या पलीकडची माणसं आधी दादाची तारीख धरायची आणि मग भटजीकडं जायची. आवाजच तसा होता. छातीत बुक्की मारल्यासारखा लागायचा. लोक विचारायचे, असा आवाज निघतो कशातून? मला माहीत होतं कशातून निघतो. मारामारीतून.

ॲम्प्लिफायरला बॅटरी लागायची. ती दादानं तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रॅक्टरची काढली. आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. तात्यांनी ती विकून ऊस लावला, ट्रॅक्टर घेतला, आणि त्या ट्रॅक्टरवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त जीव. सकाळी चावी फिरवली तर ट्रॅक्टर ढिम्म. तात्यांनी जुना फॅनबेल्ट उचलला आणि दादाला गोठ्यात धरून असा मारला, की आई मध्ये पडली तर तिच्याही दंडावर वळ उठला. दादा ओरडला नाही. फक्त म्हणाला, "कितीबी मारा, बॅटरी मिळायची न्हाय." शेवटी तात्याच थकले. पुढं कित्येक दिवस आमचा ट्रॅक्टर चार माणसं ढकलून चालू करायची आणि बॅटरी हातगाडीवर बसून लग्नं हिंडायची.

हातगाडीवर लोखंडी खांब, खांबाला चार भोंगे. त्यातला एक चेपलेला. इंदापूरच्या एका मिरवणुकीत त्याला दगड बसला होता आणि तेव्हापासून तो फाटक्या, खरखरीत आवाजात किंचाळायचा. दुसऱ्या कुणी तो भंगारात दिला असता. दादानं तोच पुढच्या बाजूला लावला. "ह्योच आपला आवाज हाय," म्हणायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इको मशीन. टिफिनच्या डब्याएवढी एक पेटी. तार एकदा छेडली की तोच सूर परत परत येत राहायचा, विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. ही पेटी आमची नव्हतीच. ती इंदापूरकडच्या एका पार्टीची होती. गणपतीच्या विसर्जनात दोन्ही पार्ट्यांची जुंपली, टिपऱ्या आणि लोखंडी सळया निघाल्या, आणि दादा घरी आला तो ओठ फाटलेला आणि शर्टाच्या आत ती पेटी लपवलेली. आई रडायला लागली. मी ओल्या फडक्यानं पेटीवरचं रक्त पुसलं आणि म्हटलं, "लाव की दादा, ऐकू दे." मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू?

या धंद्याचा एक नियम होता, तो सांगायला हवा. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की दोन्ही वाजवत राहायच्या. जी आधी थांबेल ती हरली. कोण चांगलं वाजवतं हा प्रश्नच नसायचा. बोटं सोलली, उन्हानं माणूस भोवळ येऊन पडला, तरी त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा. दादा कधीच आधी थांबला नव्हता.

अशात माझं लग्न ठरलं. स्थळ इंदापूरच्या पुढचं. मुलगा साखर कारखान्यात फिटर. बघायला आले तेव्हा मी मागच्या दारी शेळीवर ओरडत होते, दावं सोडून तिनं वाळवणात तोंड घातलं होतं म्हणून. आत पोहे घेऊन गेले, तर मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मोठ्यानं बोलता. बरं हाय. आमच्याकडं मशिनीपुढं कुणाचंच ऐकू येत न्हाय." बाकीचे हसले. तो इतका हळू बोलायचा, की ऐकायला माणसानं पुढं वाकावं. मला मुलगा आवडला. तेव्हा कुणाला बोलले नाही, पण हेच लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं. रोज संध्याकाळी देवासमोर तेवढंच मागत होते.

आईनं दादाला बजावलं होतं, की बहिणीच्या लग्नात गळ्यात बँजो अडकवायचा नाही, फेटा बांधून मांडवात उभं राहायचं. कारण कानपिळीचा मान त्याचा. लग्न लागलं की नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळा म्हणतो, आणि नवरदेव त्याला कपडे देतो. सगळा हसण्याखिदळण्याचा प्रकार. दादा म्हणाला, "मारुतीपर्यंत वाजवतो. मग लगेच मांडवात."

आमचं घर मारुतीच्या देवळासमोरच. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून देवाला जातो, तो परण्या आमच्या दारावरूनच जाणार होता. भर दुपार होती. मी हळदीच्या साडीत, मुंडावळ्या बांधून खिडकीशी बसले होते. आधी लांबून एक बँजो ऐकू आला. दारासमोर हातगाडीपाशी उभ्या दादानं मान वर केली, आणि मी त्याचा चेहरा बघितला. पाहुण्यांनी आपली पार्टी आणली होती, आणि ती तीच होती, इको गमावलेली.

देवळासमोर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. मध्ये घोडी, घोडीवर नवरदेव. पुढं काय झालं ते मला आजही नीट आठवतं, कारण ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त दिसत होतं. देवळाच्या पत्र्यावरून धूळ गळत होती. आमच्या खिडकीची तावदानं थरथरत होती. दोन गाण्यांचा असा काला झाला होता, की कुठलं कोणतं ते कळत नव्हतं. नाचणारे नाचायचे थांबले आणि कानांवर हात ठेवून उभे राहिले. ढोलवाल्याच्या तळहातातून रक्त यायला लागलं तरी त्यानं टिपरू सोडलं नाही.

तात्या दादाच्या कानाशी जाऊन ओरडले, "थांब रं! आपली मुलीची बाजू हाय!" हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दादा म्हणाला, "त्यास्नी सांगा." त्यांना सांगायला तात्या गेले, तर समोरचा बँजोवाला म्हणाला, "आमचा इको द्या. आत्ता थांबतो."

तात्या परत येईपर्यंत दादानं दोरी ओढून खांब फिरवला. एरवी भोंगे चार दिशांना असायचे. आता पोरांकडून चारही समोर बांधून घेतले. इकोचा कान, म्हणजे फिरवायचं बटण, शेवटपर्यंत पिळला आणि सगळा जोर लावून तार छेडली. त्याला समोरची पार्टी उडवायची होती. मध्ये घोडी आहे, घोडीवर आपल्या बहिणीचा नवरा आहे, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. चेपलेला भोंगा नवरदेवाच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर होता.

घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव पाठीवर पडला, आणि घोडीनं आधी तिच्या मालकाला तुडवलं आणि मग वाट फोडून पळाली.

मग काय राहिलं? त्यांच्याकडचा एकजण सळई घेऊन आमच्या ढोलवाल्यावर धावला. ढोल फाटला, त्यामागं माणूस फाटला. आमच्या भावकीतल्या पोरांनी मांडवाचे कळक उपसले. लोखंडी खुर्च्या हवेतून येत होत्या. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि तो अक्षतांच्या ताटात तोंडावर पडला. पिवळ्या अक्षता लाल झाल्या. नवरदेवाचे मामा हात उभारून ओरडत होते. ओठांवरून मला शब्द कळले, "माघारी फिरवा वरात!" आणि या सगळ्यात दादा वाजवतच होता. बोटं कापली होती, बटणांवर रक्त साचलं होतं, पण त्याची मान खाली आणि हात चालू.

वरात फिरली असती तर माझं काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. पण खरं सांगू? मला तेव्हा लोकांची भीती नव्हती. हळू बोलणारा तो माणूस धुळीत पडला होता आणि त्याला कुणी उचलत नव्हतं, याचा संताप आला. मी उठले. बायका धरायला आल्या, मी त्यांना ढकललं. मुंडावळ्या तोंडावर येत होत्या, त्या तोडून टाकल्या. हातगाडीपाशी गेले आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी धरून उपटल्या. ठिणगी उडाली, बोटं भाजली. आमचे भोंगे मुके झाले.

समोरची पार्टी वाजतच राहिली. त्यांच्याकडून आरोळी उठली. दादा हरला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि रक्ताळलेल्या हातानं अशी थोबाडीत दिली, की मी गाडीवर आदळले आणि हातातला हिरवा चुडा फुटला. चुडा फुटला म्हणून बायकांनी हंबरडा फोडला. लग्न मोडलंच, असं सगळ्यांनी धरलं.

तेव्हा नवरदेव उठला. फेटा नाही, सदरा फाटलेला, डाव्या कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आलेला. मामांनी त्याचा दंड धरला, तो त्यानं सोडवून घेतला. माझ्याकडं बघितलं आणि ओरडला, "लगीन लावा!" केवढ्यानं ओरडला! गावाबाहेर ऐकू गेलं असेल. मला वाटलं, राग आलाय.

मुहूर्त टळून गेला होता. अर्धं वऱ्हाड बारामतीच्या दवाखान्यात. भटजींनी उरल्यासुरल्या माणसांत मंगलाष्टका म्हटल्या. कानपिळीची वेळ आली तर दादा कुठं दिसेना. कुणी म्हणालं, चुलतभावाला उभं करा. नवरदेव परत तसाच ओरडून म्हणाला, "त्यांनाच बोलवा."

दादाला धरून आणलं. तो मान वर करत नव्हता. प्रथेप्रमाणं त्यानं हात पुढं केला आणि नवरदेवाचा डावा कान धरला.

"पाव्हणं, दुसरा पिळा," नवरदेव म्हणाला. "ह्यातनं काय बी ऐकू येत न्हाय."

मांडवातली माणसं हसली. इतक्या मारामारीनंतर पाव्हण्यानं गंमत केली म्हणून त्यांना बरं वाटलं. दादा हसला नाही. त्याच्या बोटांना कानावरचं वाळलेलं रक्त लागलं होतं. त्यानं कान पिळला नाही, बहिणीला सांभाळा असंही म्हणाला नाही. नुसता कान धरून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

बारामतीच्या डॉक्टरांनी बघितलं, पुण्याच्याही बघितलं. तो कान गेला तो गेलाच. मी मोठ्यानं बोलते हे कामाला आलं. आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, आमचं सारखं भांडण चालू असतं. दादानं पार्टी मोडली. इको मशीन ज्यांचं त्यांना नेऊन दिलं. त्या थोबाडीतलं मी केव्हाच विसरले. कानाचं मात्र मला विसरता येत नाही, आणि त्याबद्दल दादाला मी मनापासून माफ केलंय असंही नाही.

दादा दर भाऊबीजेला येतो. जेवायला यांच्या उजव्या बाजूला बसतो. यांच्या डाव्या कानात बाहेरचं काही येत नाही, पण आतल्या आत एक सूर वाजत असतो. बारीक, खरखरीत, परत परत येणारा. झोपेतसुद्धा. सुरुवातीला हे भिंतीवर डोकं आपटायचे, मी मध्ये उशी धरायची. आता सवय झाली, असं म्हणतात.

पहिला घास घ्यायच्या आधी दादा दर वर्षी विचारतो, "थांबलं का वो?"

"न्हाय अजून," हे म्हणतात, आणि पोळीचं ताट त्याच्याकडं सरकवतात.