शेंदूर तपकिरी झाला नाही

भूत, करणी, देवाचा कोप... यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. रसायनशास्त्राचा माणूस आहे. म्हातारा बरळतोय म्हणायचं तर म्हणा, पण आधी वाचा.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. साताऱ्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. रहिमतपूरकडच्या हौसाबाई मेलेल्या बैलाचं शिंग घेऊन आल्या. त्यांच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची भट्टी होती. जोडीतला दुसरा बैल अजून तेच पाणी पीत होता.

शिंगात शिसं निघालं. पण कोणत्या रूपातलं? बेंदराला शिंगं शेंदरानं रंगवतात, आणि शेंदूर म्हणजेही शिसंच. ओळखणं सोपं — नायट्रिक ॲसिड टाकलं की शेंदूर लगेच तपकिरी होतो. शिंगाची पूड तपकिरी झाली नाही. वरची नाही, आतलीही नाही. म्हणजे शिसं पोटातून आलं होतं.

“आवं सायेब, मालक गेल्यापासनं आमच्यात बेंदूरच न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “शेंदूर कुठनं लागंल?”

आमचे वरिष्ठ हसले. “शेंदूर लिहा अन् मोकळे व्हा. बैल काय साक्षीला येणार आहे?”

मी लिहिलं — ‘तपकिरी रंग आला. शिसे शेंदराचे.’ सही केली. पाणी चांगलं ठरलं. महिन्याभरात दुसराही बैल गेला, आणि गावानं बाईलाच बोल लावला — हिनंच शेंदूर फासून बैल मारले.

पुढच्याच आठवड्यात किराणा दुकानातला शेंदूर तपासायला आला. मी ॲसिड टाकलं. लालच! पुन्हा टाकलं. लालच. शेजारच्या गजाननानं त्याच पुडीतला शेंदूर, त्याच बाटलीतलं ॲसिड घेतलं — क्षणात तपकिरी.

“काय राव, आंघोळ न करता आलाय काय?” तो म्हणाला.

तेव्हापासून माझ्या हातानं शेंदूर कधीच तपकिरी झाला नाही. बाटल्या बदलल्या, दुकानं बदलली. गेल्या महिन्यात इथे सांगलीत नातीच्या कॉलेजात दोघांनी शेजारी उभं राहून केलं. तिची नळी तपकिरी, माझी लाल.

“आजोबा, तुम्ही काय केलंय?” तिनं विचारलं.

म्हणून हे लिहितोय. त्या शिंगावर शेंदूर नव्हता. हौसाबाई खरं बोलत होत्या, मी खोटं लिहिलं. नळीचं कारण मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर खुशाल सांगा, मी वाद घालायला बसलोय.

नात म्हणते, आता लिहून झालंय, पुन्हा करून बघा. नाही करणार. तपकिरी झालीच, तर मला वाटायचं माफी मिळाली... आणि माफ करायला हौसाबाई आता नाहीत.