किटलीभावजींची फुंकर

उशीला अभ्रा अर्धाच चढला होता, तेवढ्यात धाकटे दीर दवाखान्यातून आले आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका. पण कोमट करून द्या."

कोमट चहा, आणि भावजींना! ओतकामाच्या कारखान्यात या माणसाचं नाव किटली. तिथली रीतच अशी, की भट्टीपुढच्या गड्याने उकळता चहा तसाच घशाखाली उतरवायचा; फुंकर घातली की बाकीचे हसतात. पुढे घास अडकायला लागला, तर भावजींनी त्यावरही चहाचाच उतारा काढला. गरम गेलं की मोकळं होतं म्हणे.

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं भावजींनी मला कपाच्या कडेवरून बोट फिरवत समजावलं. नळीच्या आतल्या पेशींवर जन्मापासूनचे राखणदार असतात, ग्राही म्हणतात त्यांना. जंतू शिरला किंवा भाजलं की ते हाकाटी करतात आणि शरीर मदतीला धावतं. पण रोजच भाजत राहिलं तर हाकाटी थांबत नाही, आणि त्या कायमच्या सुजेवर रोगच पोसला जातो. हेच राखणदार कधी रोगाशी लढतातही. त्यांना आपल्या बाजूला कसं वळवावं, याचा अजून अभ्यास चालू आहे. सध्या इलाज एकच, आधी औषधं, मग ऑपरेशन.

मोठ्या नणंदबाई आल्याच होत्या. चाकू लागला की रोग पसरतो, म्हणाल्या, विहिणीच्या भावाचं तसंच झालं. देवावर सोड. आणि आधारासाठी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात देवाचं सगळं मीच करते. मी अभ्रा झटकून म्हटलं, राखणदार देवानेच दिले होते, चटके आपण दिले. आता निस्तरायला पुन्हा त्यालाच कसं बोलवायचं?

नणंदबाईंनी तोंड फिरवलं. भावजी मात्र हसले.

"ताई, जन्मभर भट्टीला भ्यालो नाही, आता चाकूला भिऊ? होकार देऊन आलोय. आणि उद्या कारखान्यात सगळ्यांदेखत फुंकर घालून चहा पिणार. हसतील त्यांना सांगेन, हसा लेको, पण फुंका."

कोमट चहाही घोटाघोटाला अडकत होता. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी कप रिकामा करूनच खाली ठेवला. नणंदबाई दुसरी उशी ओढून तिला अभ्रा घालायला लागल्या.

ऑपरेशनपर्यंत अंगात ताकद हवी, आणि खायचं ते सगळं पातळ. आमच्या मिक्सरचं पातं बोथट झालंय. भावजी भांडं पिशवीत घालून पातं बदलून आणायला गेले.