बोर्डाखालचे वडे

तालुक्याच्या कचेरीतलं कँटीन रुक्मिणी चालवते. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि टम्म फुगलेले वडे. बांद्याहून कामाला आलेला माणूस साहेब भेटला नाही तरी खूश होऊन परत जायचा. मग वरून हुकूम आला आणि तिच्याच कढईच्या वर बोर्ड लागला: कुठल्या पदार्थात तेल किती, त्याने हृदयाला धोका काय.

बोर्ड लावून घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याच खाली बसून दोन प्लेट मागवल्या. "हे इतरांसाठी हो, रुक्मिणीबाई," म्हणत हसले. कचेरीत कोणी एक वडा कमी खाल्ला नाही. बोर्ड मनावर घेतला तो एकट्या रुक्मिणीने.

कारण घरी नवरा होता, भिकाजी. प्रेशरची गोळी चालू, आणि बायकोच्या वड्यांपुढे जगातलं काही न मानणारा. रोज ती डब्यातून त्याच्यासाठी दोन वडे आणायची. ते बंद झालं.

"अर्धो तरी दी गो," तो म्हणायचा.

"बोर्डार काय लिवलाहा ठावक आसा? माका तुमी जित्ते होये."

तिच्या लुगड्याला तळणीचा वास असायचा. भिकाजी जवळ सरकायचा. "वास तरी घेवक देशीत मा?" तिला हसू यायचं, पण हात सैल झाला नाही. चतुर्थीला घरभर वडे झाले, तेव्हाही त्याच्या ताटात भाकरीच.

पुढे कापणीला तो चिखलात राबला आणि तापाने आडवा झाला. लेप्टो, उंदरांमुळे चिखलातून होणारा ताप. चार दिवसांत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय मात्र ठणठणीत होतं हो त्यांचं." हे ऐकून तिने काय करायचं होतं? पेढे वाटायचे?

"किती जपलंस त्याला," भेटायला येणाऱ्या बायका म्हणत. तिच्या अंगाचा तिळपापड होई. जपलं कसलं, शेवटचे महिने तरसवलं मेलीने, असं ती स्वतःलाच म्हणे.

यंदा त्याचा पहिला म्हाळ. पितरांच्या पानावर वडे लागतातच. धाकटा दीर धोंडू पान वाढत होता, त्याने दोन वडे ठेवले. रुक्मिणी चुलीपुढून उठली आणि परातीतले वडे ओंजळीने वाढत सुटली. खीर पानाबाहेर गेली.

"वयनी, पुरे आता," धोंडू म्हणाला.

तिने ऐकलं नाही. रिकाम्या पाटाकडे बघून ती म्हणाली, "खावा. पोटभर खावा. आता तुमका काय्येक होवचा नाय."