मशीनकाकांच्या चपला

चित्रपट कसा आहे हे मशीनकाकांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. त्यासाठी त्यांच्या पायांकडे पाहावे लागे. दिवे मालवले की ते चपला काढून खुर्चीखाली जोडून ठेवीत. चित्रपट आवडला तर पाय शेवटपर्यंत उघडेच. कंटाळा आला की ते अंधारात चपला शोधू लागत. एकदा एका साध्याशा विनोदी चित्रपटात ते इतके रमले, की अनवाणीच घरी, पार राजापेठपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी चपला न्यायला आले तेव्हाही हसतच होते.

परतवाड्याच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी उभी हयात चित्रपटाचे यंत्र चालवले. यंत्राच्या खोलीत पायताण न्यायचे नाही, ही तिथली शिस्त. टॉकीज बंद पडली, काका अमरावतीला मुलाकडे आले, आमच्या लहानशा चित्रमंडळाचे सभासद झाले. शिस्त मात्र पायांत तशीच राहिली. "तोंडाले भीड असते, बाई," ते मला म्हणत, "पायाले नसते."

माझ्या तोंडाला तर भीडच भीड होती. महाविद्यालयात संस्कृत शिकवताना मी जन्मभर दुसऱ्यांचे शब्द उलगडून सांगितले. स्वतःचे मत मांडण्याचा प्रसंग शिताफीने टाळला. निवृत्तीनंतर मंडळाने चित्रपट संपल्यावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्यावर सोपवले. पहिलाच चित्रपट परदेशी, पुरस्कारांच्या ओझ्याने वाकलेला. मी त्याच्यावरची सारी स्तुती वाचली आणि आदल्या दिवशीच चार पाने भाषण लिहून ठेवले.

पडद्यावर एक बाई रिकाम्या घरात बादली घेऊन फिरत होती. बादलीत काय होते, ती कुठे चालली होती, हे तिने आम्हाला सांगितले नाही. अर्ध्या तासाच्या आतच शेजारून चपला सरकवल्याचा आवाज आला. काकांचे पाय चपलांत गेले होते. मी खाली पाहिले, तर माझीही पर्स मांडीवर आली होती आणि मुठीत तिचा बंद होता.

तरीही दिवे लागल्यावर मी चारही पाने वाचली. 'मौनाची लय' हा शब्दप्रयोग तर दोनदा आला. टाळ्या झाल्या. जिन्यात काकांनी मला गाठले.

"बाई, पिक्चर कवा पाह्यला तुमी?"

"आत्ताच की, तुमच्या शेजारी बसून."

"अन् हे लिहलं कवा?"

"काल."

"मंग बराबर हाय," असे म्हणून ते शांतपणे पायऱ्या उतरू लागले.

पुढच्या रविवारी तोच चित्रपट अकोल्याच्या मंडळात होता आणि तेच भाषण करायला मला बोलावले होते. काका सोबत आले. गाडीत मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती चार पाने माझ्या मांडीवर होती. काका मोर्शीची संत्री सोलून फोडी माझ्या हातावर ठेवीत होते.

"काका, खरे बोलले आणि मला पुन्हा कुणी बोलावलेच नाही तर?"

"नाई बलावलं तर घरी बसून पिक्चर पाहू. पन तोंड तुमाले रोजच वापराचं हाय ना, बाई!"

संत्र्याची साले मी त्याच पानांत गुंडाळली.

अकोल्यात मी बोलायला उभी राहिले. म्हणाले, "मला हा चित्रपट आवडला नाही. अमरावतीत मी त्याची स्तुती केली, ती तो पाहण्याआधीच लिहिलेली होती." मग मागून एका आजींचा आवाज आला, "बरं झालं वो माय! मले वाटलं, मीच येडी हाय." असा हशा पिकला, की व्यासपीठावरचे अध्यक्षही त्यातून सुटले नाहीत. एक वयोवृद्ध वकील चित्रपटाच्या बाजूने तावातावाने भांडले, आजी त्यांच्याशी भांडल्या, आणि चहा दोनदा सांगावा लागला.

शेवटी काका उठले. मला वाटले, आता बादलीची खैर नाही. पण ते म्हणाले, "पिक्चर लंबा हाय, अन् मले झोप आली. पन खिडकीतला उजेड त्या बाईच्या हातावर पडते ना, तसा उजेड म्या इतकी वर्सं मशीन चालवली, तरी नाई पाह्यला. त्याले इनाम भेटलं असन, तर बराबर भेटलं." त्या दिवशीच्या खेळाला त्यांनी चपला दोनदा घातल्या होत्या, आणि त्या दृश्यासाठी एकदा काढल्याही होत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

गेल्या वर्षी काका अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. आता माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. दिवे मालवले की मीच चपला काढून ठेवते. दर रविवारी खेळ संपताच त्यांचा फोन येतो आणि ते एकच शब्द विचारतात, "चपला?" मी खरे ते सांगते.

हे लिखाण पुरे झाल्यावर मी त्यांना फोनवर वाचून दाखवले. ऐकून ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "मधात एकदा पाय चपलीत गेला व्हता, बाई."

कोणत्या परिच्छेदाला, ते विचारून घेऊन तो मी काढून टाकला आहे. तो अर्थातच माझ्याविषयी होता.