उडी मारण्याचे कारण की

मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि मी लिहिलेला अर्ज भाषेच्या दोषामुळे परत आल्याचे स्मरत नाही. अर्जाचा सारा भार 'सादर करण्याचे कारण की' या शब्दांवर असतो. त्यांच्यापुढे एकच कारण यावे, ही माझी शिस्त.

गेल्या उन्हाळ्यात टोकावड्याकडचा एक तरुण पत्नीसह माझ्याकडे आला. तो समुद्राची पाहणी करणाऱ्या बोटीवर खलाशी होता. पाण्यात सोडलेल्या यंत्राचा दोर त्याच्या हाती असताना समोर एक देवमासा अख्खा पाण्याबाहेर उसळला. याच्या हातचा दोर सुटला, यंत्र तळाला गेले. दोर का सोडला आणि नोकरीवरून का काढू नये, अशी कारणे दाखवा नोटीस त्याला आली होती.

समुद्र खवळला होता असे लिहू, असे मी सुचवले. पाणी शांत होते आणि साहेब बोटीवरच होते, असे तो म्हणाला. तेव्हा दोष देवमाशावर ठेवणे भाग होते, आणि त्यासाठी त्याने उडी का मारली हे सांगणे क्रमप्राप्त होते. बोटीवरच्या शास्त्रज्ञांत त्यावरून झालेले बोलणे त्याने मला सांगितले. एकाच्या मते, अंगाला चिकटलेले शिंपल्यांसारखे जीव झटकण्यासाठी देवमासा उसळतो. दुसऱ्याच्या मते, तो आपटल्याचा आवाज दूरच्या सोबत्यांना पोचावा म्हणून. पिल्ले तर नुसती खेळतही असतील. एवढे धूड बाहेर काढायला फार बळ लागते. कदाचित ते बळ दाखवणे हाच हेतू असेल. खात्रीने कोणीच सांगत नव्हते.

मी पहिले कारण निवडले. म्हैस झाडाला अंग घासते, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटते. मसुदा वाचून दाखवला. पत्नी नवऱ्याला म्हणाली, "खाज त्याला सुटली, दोर तुमी का सोडला?"

मी नोटीस पुन्हा वाचली. प्रश्न तोच होता.

त्याने समोर उभ्या एसटीकडे पाहिले. "एवढा जड जीव," तो म्हणाला, "पानी सोडून वर आला. मंग माजा हात माज्याजवळ ऱ्हायलाच नाय."

मी मसुदा फाडला आणि नवा लिहिला: 'सादर करण्याचे कारण की, सदर देवमाशाच्या उडीचे कारण निश्चित नाही. अर्जदार ती पाहत राहिला व दोर सुटला. हे अर्जदारास मान्य आहे.' एवढा उघडा खुलासा मी दुसरा लिहिलेला नाही.

नोकरी राहिली. पावसाळ्यात बोट बंद असताना दोघे बाजाराला आले, तेव्हा समजले की दोरावरून काढून त्याला बोटीच्या स्वयंपाकघरात घातले आहे. आता भात करपला नाही म्हणजे झाले, असे पत्नी म्हणाली. तिथे खिडकी आहे का, असे मी विचारले.

"हाय," तो म्हणाला. "पन चुलीकडं पाठ करावी लागते."