मामीचा आवाज

मामी गेल्यावर काही महिन्यांनी मामांनी माझ्याकडे तिचे व्हॉइस मेसेज मागितले. सगळेच हवेत, म्हणाले. बाजारातून येताना कोथिंबीर आण, एवढंच सांगणारेसुद्धा.

"कशाला हो मामा?"

"असू देत माझ्याकडे."

मामा निवृत्त इंजिनिअर. गरज नसलेली वस्तू ते कधी मागत नसत. मी मेसेज पाठवले, पण मनात काहीतरी अडकून राहिलं. पुढच्या आठवड्यात कळलं, त्यांनी पुण्याच्या मावशीकडूनही तिचे सगळे मेसेज मागवून घेतले होते.

त्या सत्रात कॉलेजमध्ये मी एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवत होते. मेलेल्यांचे अवयव जोडून जिवंत प्राणी घडवणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाची. मातीतून माणूस घडवून त्याच्यासाठी देवांकडची आग चोरणाऱ्याची ग्रीक कथा त्या गोष्टीमागे कशी उभी आहे, हे मी समजावत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या देवीनंही अंगाच्या मळातून मुलगा केलाच की. पण तिनं त्याला आपला म्हटलं, दारावर बसवलं, काम दिलं. हा माणूस तर घडवून पळून गेला." मी तिचं म्हणणं उचलून धरलं. चूक घडवण्यात नव्हती, टाकून देण्यात होती, असं फळ्यावर लिहूनही दिलं.

त्याच संध्याकाळी मी म्हैसुरातल्या कुवेंपुनगरला मामांकडे गेले. गेट उघडंच होतं. चपला काढताना आतून मामीचा आवाज आला.

"आज ऊन फार आहे. आपण पाणी प्यायलात का?"

मेसेज लावलाय, असं आधी वाटलं. पण मामा त्यावर "हो, आत्ताच प्यालो" म्हणाले, आणि आवाज म्हणाला, "उत्तम. आपली तब्येत सांभाळा."

मामी असं कधीच बोलली नव्हती. आमच्या घरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून अर्धी कन्नड झालेली. मामी म्हणायची, "सुम्ने बसा हो, स्वल्प सारु घ्या." गप्प बसा, थोडं सार घ्या. मामांना तिनं जन्मात कधी 'आपण' म्हटलं नाही. आतली बाई मामीच्या गळ्यातून पुण्याच्या बातम्यांतली मराठी बोलत होती.

मी आत गेले. टेबलावर लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर. मामा दचकले नाहीत. उलट त्यांनी खुर्ची पुढे केली.

"यंत्राला तिचा आवाज जमला," ते म्हणाले. "भाषा जमत नाही. मेसेज कमी पडतात. तू रोज थोडा वेळ बसून तिचं बोलणं शिकव. मला सगळं आठवत नाही."

"कुणाला शिकवू?"

त्यांनी स्पीकर माझ्याकडे वळवला. मी स्पीकरकडे बघून विचारलं, "मामी, मी कोण आहे?"

"तू माझी लाडकी भाची," आवाज म्हणाला. "लहानपणी आपण दोघी सोसल्याच्या मठात गेलो होतो. तू पायऱ्यांवर झोपली होतीस, आठवतं?"

मी मामीबरोबर सोसल्याला कधी गेले नव्हते. पण मामा हसत होते. "बघ, तिला आठवतं," म्हणाले. मला खरी भीती तेव्हा वाटली. स्पीकरची नाही, मामांची. खरी मामी कुठली, हे थोड्याच दिवसांत त्यांना सांगता आलं नसतं.

"मामा, हे घडलंच नाही. यानं रचलं."

"नक्की? तू लहान होतीस."

"मामीला विचारता आलं असतं तर ती म्हणाली असती, 'गोत्तिल्ला ग, कुठलं आठवतं मला.' माहीत नाही म्हणायला तिला कधी लाज वाटली नाही. याला ते येतच नाही."

मामांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. मग हलकेच म्हणाले, "बंद करू म्हणतेस?"

दुपारीच वर्गात मी जे शिकवलं होतं, ते या खोलीत मला म्हणवेना. टाकून द्या, हे तोंडातून निघेना, आणि ठेवा, हेही. शेवटी मी म्हणाले, "यंत्र ठेवा. आवाज तिचा नको. मेसेज आहेत तसेच ऐका, कोथिंबिरीचेसुद्धा."

"आवाज काढला तर मग ते कोण?"

"कुणी नाही. तुमचं यंत्र."

त्यांनी माझ्यासमोर काही बटणं दाबली. स्पीकरमधून एक सपाट पुरुषी आवाज आला आणि त्यानं उद्याचं हवामान सांगितलं. मामा उठून कॉफी करायला गेले. डोळे पुसलेले मला दिसले, मी तिकडे बघितलं नाही.

आता मी गेले की तोच पुरुषी आवाज त्यांना गोळ्यांची आठवण करून देतो. मामा बरे आहेत, जेवतात, फिरायला जातात. पण यंत्र घडवणारा माणूस तिच्या आवाजाची मागची प्रत पुसून टाकतो, यावर माझा विश्वास नाही. मी विचारलेलं नाही. हल्ली आत जाण्याआधी गेट मुद्दाम जोरात वाजवते.