न नेलेल्या पानांवरची पाळत

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना शीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचायला घेतला की चार ओळींत त्यांच्या तोंडून "शी" निघायचं. मोठ्यानं नव्हे, चहात माशी सापडल्यावर माणूस स्वतःशीच म्हणतो तसं. कॅन्टीनचं चिकट टेबल, कीबोर्डच्या फटींतला चुरा, मीटिंगमधली गुळचट भाषा, कुणीतरी उरकून टाकलेलं काम, सगळ्याला त्यांचा तोच एक शब्द. माझं टेबल शेजारी असल्यामुळे माझ्या कानाला त्याची सवय झाली होती.

आमची कंपनी संगणक भाड्यानं द्यायची. थंडगार खोलीत मोठमोठे सर्व्हर, आणि एकेका सर्व्हरच्या पोटात अनेक गिऱ्हाइकांची आभासी मशीन. गिऱ्हाइकाला वाटतं आपलं मशीन स्वतंत्र आहे, पण तो असतो भाडेकरू. एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा झाला, की त्याच्यातली मशीन चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर न्यावी लागत. त्यासाठी मशीनची मेमरी पानापानानं पलीकडे उतरवायची. पण उतरवताना मशीन थांबलेलं नसतं, नेऊन झालेल्या पानांवरही ते पुन्हा काहीतरी लिहीत असतं. म्हणून कुठलं पान बदललं यावर पाळत ठेवायची आणि तेवढी पानं परत न्यायची.

पाळत ठेवायची म्हणजे पानाला कुलूप घालायचं. मशीन लिहायला गेलं की अडतं, पान बदलल्याची खूण होते, कुलूप निघतं, मग मशीन पुढे सरकतं. मोठं मशीन या अडण्यानंच रखडायचं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना आम्ही आधी एक ठरलेलं वाक्य पाठवायचो, "अनुभवात किंचित फरक जाणवू शकतो." ते वाचलं की शीबाईंचा "शी" निघायचा. पण पाळतीचं काम तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. त्या नाक मुरडून आपल्या कामाला लागत.

त्यांची धाकटी नणंद त्यांच्याकडेच राहायची. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ती फोन घ्यायची. एका सुट्टीच्या दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, की अधूनमधून दुपारी स्क्रीन गोठतो. पलीकडचा माणूस पत्ता सांगतोय, आपण टाइप करतोय, आणि अक्षरच उमटत नाही. कोणत्या दिवशी, असं शीबाईंनी विचारलं. कंट्रोल रूम आमचीच गिऱ्हाईक होती, आणि नणंदेनं सांगितलेले दिवस आमच्या दुरुस्तीचे होते. शीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"मग तुम्ही करता काय?"

"तळहातावर लिहितो गं वहिनी. सवय झालीय."

दुसऱ्याच आठवड्यात त्या रजा टाकून कंट्रोल रूममध्ये जाऊन बसल्या. बुटकी, कोंदट खोली, हेडफोनच्या फुटक्या गाद्यांवर चिकटपट्ट्या. दुपारी स्क्रीन गोठला तेव्हा कुणी साधं वरसुद्धा पाहिलं नाही. सगळ्यांनी एकदमच पेनं उचलली. एकीच्या हाताला घाम होता. तिनं लिहिलेला घर नंबर पुसट झाला, आणि तिनं पलीकडच्या बाईला तो पुन्हा विचारला. ती बाई रडत होती. शीबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता. फक्त ओठ असे वाकडे झाले होते की जणू काही नासकं गिळलंय. स्क्रीन गोठण्यापेक्षा त्यांना शिसारी आली होती ती त्या सवयीची.

परत आल्यावर त्यांनी साहेबांकडून पाळतीचा प्रोग्रॅम मागून घेतला. साहेब आमच्या विभागाचे प्रमुख, माणूस हसतमुख, कुणालाही न दुखावता नाही म्हणण्यात वाकबगार. पहिल्यापासून हे असंच चालत आलंय, सुरक्षित आहे, हात लावाल तर निस्तरावं लागेल, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. शीबाईंनी मान डोलावली आणि वाचायला बसल्या. त्या दिवशी त्यांचा "शी" इतक्यांदा ऐकू आला की मी शेवटी खुर्ची वळवली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "नेआण सुरू व्हायच्या आधी हा शहाणा सगळ्याच्या सगळ्या पानांना कुलपं घालतो. त्यासाठी मेमरीच्या मोठ्या तावांचे फाडून पानाएवढे चिटोरे करतो. मशीन तिथंच गुदमरतं. आता मला सांग, जे पान अजून नेलंच नाही, ते बदललं काय नि न बदललं काय, न्यायचं तर आहेच ना? मग त्याच्यावर पाळत कशाला?"

उपायही त्यांनीच सांगितला. सुरुवातीला सगळी पानं बदललेलीच आहेत असं धरून चालायचं, आणि जो गठ्ठा आता उचलायचा तेवढ्यालाच आयत्या वेळी कुलूप घालायचं. इतकी साधी गोष्ट होती.

साधी गोष्टही पहिल्या फटक्यात जमली नाही. चाचणीत पलीकडे नेलेलं मशीन उठलं आणि लगेच आडवं झालं. साहेबांनी फारच सहानुभूती दाखवली. मग सापडलं, की शीबाईंनी गठ्ठा आधी उचलला होता आणि कुलूप मागाहून घातलं होतं. मधल्या क्षणात मशीननं जे लिहिलं ते हरवलं. त्या दिवशीचा "शी" त्यांनी स्वतःला म्हटला. क्रम फिरवला, आधी कुलूप, मग उचलणं. पुढच्या चाचण्यांत मोठी मशीनसुद्धा फारशी न अडखळता पलीकडे गेली. नवा प्रोग्रॅम लागू झाल्यावर घरी नणंदेनं सांगितलं, की दुरुस्तीच्या दिवशीही टाइप करता आलं.

मग सत्कार झाला. शीबाईंना स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला, त्याच्या कागदावरचं दुकानाचं लेबलही तसंच होतं. साहेबांनी भाषणात गिऱ्हाइकाच्या समाधानाबद्दल पुष्कळ सांगितलं. शेवटी, उत्साहाच्या भरात, खरी बातमी दिली. मशीन हलवणं आता इतकं सोपं झालंय, तर दिवसभर हलवत राहायचं. चार सर्व्हरवरची मशीन तीनवर कोंबायची, चौथा बंद ठेवून वीज वाचवायची, पुन्हा गर्दी झाली की पुन्हा पांगवायची. टाळ्या पडल्या. शीबाई फुलांकडे अशा बघत होत्या, जणू कुणीतरी हातात उष्टं ताट ठेवलंय.

महिन्याभरात कंट्रोल रूममधली अडखळ परत आली. पूर्वीइतकी लांब नाही, पण रोज, आणि दिवसातून कितीदा तरी. पाळत हलकी झाली तरी ती काही फुकट होत नव्हती. पेनं पुन्हा टेबलांवर आली. शीबाई साहेबांकडे गेल्या, अँब्युलन्ससारख्यांची मशीन कामाच्या वेळेत हलवू नका म्हणाल्या. तक्रार कुठे आलीय, साहेबांनी विचारलं. आली तर बघू.

घरी जाऊन त्यांनी नणंदेला समोर बसवलं. "तुझ्या वरच्या बाईंना सांग, लेखी तक्रार करा. कोणकोणत्या वेळी अडखळतं ते लिहा, आणि हे मशीन हलवायचं नाही असं मागा. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घे."

"तुझी नोकरी जाईल, वहिनी."

"जाऊ दे. तिथं बसून मला आता जेवण जात नाही."

तक्रार आली. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, घरचं माणूस त्या खोलीत आहे ना, असं मऊ आवाजात विचारलं. शीबाईंनी, हो, आणि मीच सांगितलं, असं उत्तर दिलं. कंट्रोल रूमचं मशीन एका जागी ठेवायचा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात शीबाईंची बदली प्रशिक्षण विभागात झाली. नव्या पोरांना कंपनीची मूल्यं शिकवायचं काम. ते त्यांनी एकदाच केलं आणि राजीनामा टाकला. निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत.

त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांची मशीन अजून दिवसभर इकडून तिकडे फिरत असतात. त्यात एक रक्तपेढीचं आहे. त्यांचीही मागणी आल्याशिवाय काही करता येणार नाही, असं साहेबांनी मला हसत सांगितलं. म्हणून काल मीच त्यांना फोन लावला. उचलणाऱ्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असं होय," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, आमचाच कॉम्प्युटर जुना झालाय. लिहून कुणाला पाठवायचं ते सांगा."

मी साहेबांचा पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगितला.